हृदयातील विजेचा प्रवास



हृदय या विषयावर बोलण्याचा पहिला अधिकार कवींचा आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. वसंत ऋतूत तर तो अधिकार कोणी नाकारूच नये. परंतु कवींच्या हृदयाला जे काही होते ते होण्यासाठी छातीच्या पिंजऱ्यातील मूठभर स्नायूचा गोळा आधी नियमितपणे चालू असावा लागतो. तो मिनिटाला ७२ वेळा, म्हणजे दिवसाला १ लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावतो. सत्तर वर्षांच्या आयुष्यात हा आकडा अडीचशे कोटींच्या पुढे जातो. इतक्या वेळा कोणीतरी त्याला 'आता' म्हणून सांगत असले पाहिजे. ते कोण सांगते, आणि सांगितलेले हृदयाच्या कानाकोपऱ्यांत कसे पोहोचते, एवढ्या दोनच प्रश्नांचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. हे प्रश्न केवळ पंडितांचे नाहीत. त्यांची उत्तरे ठाऊक असणे किंवा नसणे यावर आपल्या घरातील एखाद्या माणसाचा जीव अवलंबून असू शकतो, हे व्याख्यानाच्या शेवटी आपल्याला पटेल अशी आम्हांला आशा आहे.

पहिला प्रश्न जुना आहे. हात हलवावयाचा तर मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून हाताच्या स्नायूला पोहोचावा लागतो, आणि तो तंतू तुटला की हात लुळा पडतो. मग हृदयालाही हुकूम मेंदूच देत असेल असे मानणे स्वाभाविक होते. परंतु शरीराबाहेर काढलेले हृदयही काही काळ धडधडत राहते, ही गोष्ट ग्रीक वैद्य गेलन याने दुसऱ्या शतकातच पाहिली होती. तेव्हा हुकूम आतूनच सुटतो हे उघड होते. पण आत म्हणजे कोठून? हृदयातील बारीक मज्जातंतूंतून, की खुद्द स्नायूतून? या वादात एकोणिसावे शतक बहुतेक सगळे गेले. १८५२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ स्टॅनिअस याने बेडकाच्या हृदयाला निरनिराळ्या ठिकाणी दोरा आवळून पाहिला. हृदयाच्या ज्या टोकाला शरीरातील रक्त येऊन मिळते, त्याच्या खाली गाठ मारली की ते टोक ठोके देत राहावे आणि गाठीखालचा भाग मात्र थबकावा, असे त्याला आढळले. पुढे १८८० च्या दशकात केंब्रिजच्या गॅस्केल यांनी कासवाचे हृदय घेतले आणि वरचा भाग खालच्याला जोडणारा स्नायू थोडाथोडा कापून अरुंद करीत नेला. आधी खालचा ठोका उशिरा पडू लागला, मग दोन-तीन ठोक्यांमागे एकच खाली पोहोचू लागला आणि शेवटी निरोप पोहोचेनासाच झाला. निरोप स्नायूतूनच जातो, हे यावरून दिसून आले. या अडथळ्याला त्यांनी दिलेले 'ब्लॉक' हे नाव आजही डॉक्टरांच्या तोंडी आहे.

याचा सर्वांत मोठा पुरावा विसाव्या शतकात मिळाला. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे डॉ. बर्नार्ड यांनी माणसाच्या छातीत दुसऱ्या माणसाचे हृदय बसविले. अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तोच प्रयत्न केला. त्यांचा रुग्ण काही तासच जगला, पण या देशातील त्या धाडसाची नोंद जगाच्या वैद्यकीय इतिहासात झाली. आता अशा शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या जोडता येतात. मेंदूकडून आलेले मज्जातंतू तुटतात ते तुटतातच. तरीही नवे हृदय ठोके देते! मेंदूचे तंतू हृदयाची गती वाढवितात आणि कमी करतात. कोणी दचकले की ठोके वाढतात, झोप लागली की मंदावतात, हा त्यांचा प्रताप. पण ठोका सुरू करणे हे काम हृदयाचे स्वतःचे आहे.

आता वीज हा शब्द आम्ही वापरला, त्याविषयी थोडा खुलासा केला पाहिजे. घरातील तारेतून जाणारी वीज आणि हृदयातील वीज यांची जात वेगळी. हृदयाच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. पडद्याबाहेर सोडियम विपुल, आत पोटॅशियम विपुल, असे मिठांचे वाटप पेशी मोठ्या कष्टाने राखून असते; त्यामुळे पडद्याच्या दोन बाजूंत व्होल्टच्या दहाव्या हिश्शाहून किंचित कमी इतका विजेचा दाब साठून राहतो. शेजारच्या पेशीकडून धक्का आला की पडद्यातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे कण आत धावतात आणि दाब क्षणात उलटा होतो. पाठोपाठ कॅल्शियम आत शिरते, त्यामुळे पेशी आकुंचन पावते; आणि अखेर पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्वस्थितीला येते. दिवाळीतील लवंगी फटाक्यांची माळ आपण पाहिली आहे. एक फटाका फुटतो आणि शेजारच्याची वात पेटवितो. पहिल्या फटाक्यातील दारू काही शेवटच्या फटाक्यापर्यंत जात नाही. हृदयातील वीज अशी पेशीमागून पेशी पेटवीत जाते. फरक इतकाच की, ही माळ फुटल्यावर सेकंदाच्या सुमारे एक-तृतीयांशात पुन्हा भरून तयार होते. आणि भरेपर्यंत ती पुन्हा पेटत नाही, म्हणूनच निरोप आल्या वाटेने मागे फिरत नाही.

यातील कॅल्शियमचा भाग कसा कळला, ती हकीकत मोठी मौजेची आहे. लंडनचे डॉ. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात जिवंत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. हृदय उत्तम चालत असे. पण तेच मीठ शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळविले, तेव्हा थोड्याच वेळात हृदय बंद पडू लागले. शोध घेता असे आढळले की, आधीच्या प्रयोगांत पाणी नळाचे वापरले गेले होते आणि लंडनच्या नळाच्या पाण्यात चुना, म्हणजे कॅल्शियम होते! १८८३ मध्ये रिंगर यांनी हे प्रसिद्ध केले. ज्या पाण्याला गृहिणी 'जड पाणी, डाळ शिजत नाही' म्हणून नावे ठेवतात, त्यातील क्षारांवाचून हृदयाचे चालत नाही.

आता दुसरा प्रश्न, निरोपाच्या वाटेचा. नदीचे उगमस्थान शोधणारे प्रवासी समुद्राकडून वर चढत जातात, तसाच हा शोध मुखापासून उगमाकडे झाला. १८३९ मध्ये पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञाला मेंढीच्या हृदयाच्या आतल्या अस्तराखाली फिकट तंतूंचे जाळे दिसले. ते कशासाठी आहे हे पुढील साठाहून अधिक वर्षे कोणालाही कळले नाही. १८९३ मध्ये विल्हेल्म हिस या स्विस वैद्याला हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांना जोडणारी एक बारीक जुडी सापडली. मग सुनाओ तावारा नावाचा जपानी तरुण जर्मनीत मारबुर्ग येथे प्राध्यापक अशॉफ यांच्याकडे शिकावयास आला. त्याने हृदयांचे कागदासारखे पातळ काप ओळीने काढले आणि एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. हिसची जुडी वर एका गाठीत सुरू होते, खाली तिच्या दोन शाखा होतात, आणि त्या शाखांचे शेवटचे फाटे म्हणजेच पुर्किन्येचे ते जाळे, असे त्याला आढळून आले. १९०६ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सुटे धागे एका वृक्षाचे झाले.

उगम तेवढा राहिला होता. तो सापडला इंग्लंडमधील केंट परगण्यातील एका खेड्यात. आर्थर कीथ हे शरीररचनाशास्त्रज्ञ तेथे सुट्टीत राहत असत आणि मार्टिन फ्लॅक नावाचा एक विद्यार्थी त्यांच्या हाताखाली काम करी. १९०६ च्या उन्हाळ्यात एके दिवशी कीथ पत्नीसह सायकलवरून फेरफटका मारून परतले, तेव्हा फ्लॅकने त्यांना चिचुंदरीसारख्या बिळात राहणाऱ्या 'मोल' या प्राण्याच्या हृदयाचे काप दाखविले. उजव्या कप्प्यात जेथे वरची महानीला येऊन मिळते, तेथे एक निराळीच रचना होती. मग इतर प्राण्यांत आणि माणसातही ती त्याच जागी सापडली. १९०७ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. माणसात ही गाठ एक-दोन सेंटिमीटर लांब आणि काही मिलिमीटर रुंद असते. आपले अडीचशे कोटी ठोके येथून सुटतात.

आता आपण उगमावरून निरोपाबरोबर खाली उतरू. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका आणि खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. अलीकडच्या शालेय पुस्तकांत अलिंद आणि निलय असे शब्द आहेत. कीथ-फ्लॅकच्या गाठीतील पेशींचे वैशिष्ट्य असे की, त्यांना स्वस्थ बसता येत नाही. इतर पेशी धक्क्याची वाट पाहतात. या पेशींच्या पडद्यातून कण हळूहळू झिरपत राहतात आणि दाब एका मर्यादेला पोहोचला की त्या आपोआप पेटतात. तेथून निरोप दोन्ही कर्णिकांत पसरतो, आणि त्या आकुंचन पावून आपले रक्त जवनिकांत ढकलतात.

येथे निसर्गाने एक योजना केली आहे. कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये विजेला न जुमानणारा तंतुमय पडदा आहे आणि त्यातून जाण्याचा मार्ग साधारणतः एकच, तावाराची गाठ आणि हिसची जुडी. या गाठीत निरोपाचा वेग एकदम मंदावतो. तो सेकंदाला अवघा ५ सेंटिमीटरच्या आसपास येतो, आणि सेकंदाचा सुमारे दहावा भाग तेथेच खर्ची पडतो. हा विलंब कशासाठी? विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमजेल. मोट पाण्यात बुडून पुरती भरण्याआधीच बैल हाकले, तर अर्धी रिकामी मोट वर येते आणि बैलांचे श्रम फुकट जातात. कर्णिकांतील रक्त उतरून जवनिका पुरत्या भरेपर्यंत बैल थोपवून धरण्याचे काम ही गाठ करते.

गाठ ओलांडली की मात्र घाई असते. हिसच्या जुडीतून आणि पुर्किन्येच्या जाळ्यातून निरोप सेकंदाला २ ते ४ मीटर वेगाने धावतो. तो आधी मधल्या पडद्यातून हृदयाच्या खालच्या टोकाकडे जातो आणि तेथून वर पसरतो. कारण जवनिकांतून बाहेर पडणाऱ्या महावाहिन्यांची तोंडे वरच्या बाजूस आहेत. ओले कापड पिळावे तसे हृदय खालून वर पिळले जाते. उगमापासून शेवटच्या पेशीपर्यंत हा सारा प्रवास पाव सेकंदाच्या आत आटोपतो.

या व्यवस्थेत आणखी एक शहाणपण आहे. कीर्तनात बुवांचा आवाज बसला तर मागचा टाळकरी चाल उचलून धरतो. त्याची लय संथ असेल, पण कीर्तन मोडत नाही. त्याप्रमाणे मुख्य गाठ थांबली तर तावाराच्या गाठीजवळच्या पेशी मिनिटाला ४० ते ६० ठोके देऊ लागतात, आणि त्याही थांबल्या तर जवनिकांतील तंतू २० ते ४० देतात. एवढ्यावर माणूस धडधाकट राहत नाही, पण मदत येईपर्यंत अनेकदा तगतो.

हा प्रवास छाती न उघडता पाहावयाचा कसा? १८८७ मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाची वीज प्रथम बाहेरून टिपून दाखविली. त्यांचा जिमी नावाचा कुत्रा मिठाच्या पाण्यात पाय बुडवून असल्या प्रयोगांना उभा राहत असे, आणि हा क्रूरपणा आहे की काय असा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटात विचारला गेला होता! कातडीवर पोहोचणारा हा दाब सुमारे एक मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चमधील सेलच्या दीड हजाराव्या हिश्शाएवढा. तो काटेकोर मोजला हॉलंडमधील लायडन येथील आइन्थोव्हेन यांनी. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केलेल्या यंत्राचे वजन पावणेतीनशे किलोच्या घरात होते, आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्ण हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने रुग्णाच्या हृदयाचे आलेख प्रयोगशाळेत आणविले. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या कार्डिओग्रामच्या कागदावर पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे असतात, ती त्यांनीच दिलेली. पी म्हणजे कर्णिका पेटल्या. त्यानंतरची सपाट जागा म्हणजे मुख्यतः तावाराच्या गाठीतील थांबा. क्यू-आर-एस हा उंच सुळका म्हणजे जवनिका पेटल्या. आणि टी म्हणजे त्या पुन्हा भरून तयार झाल्या. मात्र हा कागद थोड्याच सेकंदांचा असतो. अधूनमधून होणारा बिघाड त्या सेकंदांत सापडेलच असे नाही, म्हणून डॉक्टर कधी कधी दिवसभर अंगावर बाळगण्याचे यंत्र लावतात.

आता बिघाडाविषयी. तावाराची गाठ किंवा हिसची जुडी निकामी झाली की वरचा निरोप खाली पोहोचत नाही. नाडी ४० च्या खाली जाते आणि मध्येच हृदय काही सेकंद थबकले तर माणूस धाडकन पडतो, आणि पुन्हा शुद्धीवर येऊन 'काही नाही, जरा चक्कर आली' असे म्हणतो. आपल्याकडे अशा चक्करेची संभावना पित्त, अशक्तपणा नाहीतर उपास यांच्या खात्यावर टाकून होते. १९५० च्या दशकात स्टॉकहोमजवळ आर्ने लार्सन नावाच्या गृहस्थाला असे झटके दिवसातून वीस-तीस वेळा येत. त्यांच्या पत्नीने डॉ. सेनिंग आणि अभियंता एल्मक्विस्ट यांच्यामागे लकडा लावला. तेव्हा एल्मक्विस्ट यांनी विजेची एक टिकली तयार केली; तिच्यावरील आवरण ओतण्यास साचा म्हणून बुटाच्या पॉलिशची डबी वापरली होती. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ती लार्सन यांच्या पोटाच्या कातडीखाली बसविण्यात आली. शरीराच्या आत बसविलेला हा पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला आणि दुसरा बसवावा लागला. पुढे एकूण २६ पेसमेकर बदलून लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. त्यांना वाचविणारे डॉक्टर आणि अभियंता हे दोघेही त्यांच्या आधी गेले.

आज पेसमेकर लहानमोठ्या गावांतील कितीतरी वडीलधाऱ्यांच्या छातीत आहे. त्यासंबंधी एक गोष्ट सांगणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे. अशी व्यक्ती निधन पावली तर दहनापूर्वी पेसमेकर डॉक्टरांकडून काढून घ्यावा. चितेच्या उष्णतेने त्याची बॅटरी फुटू शकते.

दुसरा बिघाड याहून भयंकर. जवनिकांतील पेशी मुकादमाचे न ऐकता जिकडेतिकडे, वाटेल तशा पेटू लागतात. हृदय नुसते थरथरते, रक्त ढकलत नाही, आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. हार्ट अटॅक आणि ही अवस्था एक नव्हे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरविणारी नळी बंद होते. येथे विजेचा कारभार कोलमडतो. पहिल्यातून दुसरी उद्भवू शकते, आणि अटॅकने तत्काळ येणाऱ्या मृत्यूंचे मोठे कारण हेच. या थरथरीवर उपाय विजेचाच. एक जोरदार झटका देऊन सर्व पेशी एकदम पेटवावयाच्या, म्हणजे सर्व एकदम शांत होतात आणि कीथ-फ्लॅकच्या गाठीला पुन्हा सूत्रे हाती घेता येतात. १९४७ मध्ये क्लीव्हलंडचे डॉ. बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका चौदा वर्षांच्या मुलाला असे परत आणले.

पण झटका देणारे यंत्र येईपर्यंत काय? मेंदू रक्तावाचून चार-सहा मिनिटांपलीकडे निभावत नाही. याचे उत्तर १९६० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दिले. यांतील कौवेनहोव्हेन हे विद्युत अभियंता होते. कुत्र्याच्या छातीवर यंत्राच्या जड पट्ट्या दाबल्या की त्याचा रक्तदाब क्षणभर चढतो, असे निकरबॉकर यांच्या ध्यानात आले, आणि त्यातून दोन हातांनी छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याची युक्ती निघाली. या युक्तीला औषध लागत नाही की पदवी लागत नाही.

आणि म्हणून, श्रोतेहो, शेवटी आमचे मागणे एवढेच आहे. कोणी एकाएकी कोसळले, हाक मारून व हलवून उत्तर देत नाही, आणि श्वास चालत नाही किंवा नुसते आचके देत आहे, असे दिसले तर कांदा हुंगविणे, चप्पल नाकाशी धरणे, तोंडात पाणी घालणे यांत मिनिटे दवडू नका. एकाने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. दुसऱ्याने त्या व्यक्तीला कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मध्यभागी हाताच्या तळव्याची टाच ठेवून, दुसरा हात त्यावर ठेवून, कोपर ताठ धरून दाबण्यास सुरुवात करावी. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जावी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी ती पुरती वर येऊ द्यावी. दमलात तर दुसऱ्याने घ्यावे, पण थांबू नये. झटका देणारे स्वयंचलित यंत्र जवळ असेल तर ते आणवावे. पुढची कृती ते यंत्रच बोलून सांगते. मदतीवाचून जाणारा प्रत्येक मिनिट वाचण्याची आशा शेकडा सात ते दहाने कमी करतो. आणि जो कोसळून आपोआप शुद्धीवर आला, त्याला 'पित्त असेल' म्हणून घरी बसवू नका. मनगटावर तीन बोटे ठेवून त्याची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या.

बेडकाच्या हृदयाला दोरा बांधणारा, मेंढीचे हृदय न्याहाळणारा, जपानहून येऊन रात्रंदिवस काप काढणारा आणि सुट्टीतही सूक्ष्मदर्शकापासून न उठणारा, या सर्वांनी मिळून ही वाट आपल्याला दाखविली. ती वाट मोडली असता पहिली काही मिनिटे सांभाळण्याचे काम मात्र त्यांना करता येत नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे आहे. तो माणूस आपल्यापैकीच कोणीतरी असणार.